पहिल्यासारखं गा ना!

डिसेंबरात चिरंजीव आणि नातू इंग्लंडहून आले होते. सूनबाईला रजा नव्हती, ती आली नाही. म्हणजे घरात आम्ही चौघं, आणि चौघांत दोन पार्ट्या. वाद जमिनीचा नाही, राजकारणाचा नाही (तो विषय निघाला की आमचे हे उठून बागेत जातात), वाद गाण्याच्या एका सीडीचा. आणि ती सीडी ऑक्टोबर २००० मधली! पंचवीस वर्षं उलटून गेली, तरी जेवणाच्या टेबलावर पिठलं गार होईपर्यंत बापलेक भांडत होते. मी मध्ये पडले तर दोघंही म्हणाले, "आई, तुला नाही कळायचं," "आजी, तुला नाही कळायचं." आता असं म्हटल्यावर पस्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई गप्प बसेल का? म्हणून हा लेख.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे माझ्या दोन्ही नणंदांसाठी) थोडं आधी सांगते. रेडिओहेड नावाचा एक इंग्लिश बँड आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या एका शाळेत ही पाच मुलं एकत्र आली. गाणारा टॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन ग्रीनवुड हे सख्खे भाऊ, एड ओब्रायन आणि ड्रम वाजवणारा फिल सेलवे. पाचांपैकी तिघं गिटारवाले. १९९२ साली त्यांचं 'क्रीप' हे गाणं आलं आणि पुढे ते जगभर वाजलं. १९९७ मध्ये 'ओके कंप्युटर' हा अल्बम आला आणि मग त्यांना डोक्यावर घेतलं गेलं. आमचे चिरंजीव तेव्हा तेवीस वर्षांचे. पुण्यात मित्रांच्या खोलीवर त्यांनी ती कॅसेट झिजवली आणि नंतर नोकरीसाठी इंग्लंडला जाताना बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी तीच होती. बरणी फुटली, कॅसेट वाचली.

आणि मग २००० साली आला 'किड ए'. तीन तीन गिटारवाल्यांचा बँड, आणि अल्बम सुरू होतो तो कीबोर्डवर. गिटार शोधावी लागते. गाणाऱ्याच्या आवाजाचे तुकडे करून ते मागेपुढे फिरवलेले. एका गाण्यात तर आवाज माणसाचा वाटतच नाही, आणि एकात गाणं म्हणणारं कुणी नाहीच. रेडिओवर वाजवायला म्हणून वेगळं काढलेलं एकही गाणं नव्हतं, नेहमीसारखे व्हिडिओही नव्हते. तरी अमेरिकेत तो पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला. लोकांनी आधी घेतला आणि मग घरी जाऊन ऐकला, असं झालं असावं. :)

चिरंजीवांनी तेव्हा फोन केला होता. आयएसडीचे दिवस, तीन मिनिटांत सगळं उरकायचं. त्यातली दोन मिनिटं तो या सीडीबद्दल बोलला. "आई, फसवलं गं यांनी." मला आधी वाटलं घरमालकाबद्दल बोलतोय.

पुढच्या वर्षी, २००१च्या उन्हाळ्यात, नातवाच्या जन्माच्या वेळी मी रजा काढून रेडिंगला गेले. बाळ रात्रभर जागायचं. एकदा पहाटे तीनला मी त्याला मांडीवर घेऊन बसले असताना चिरंजीवांनी वैतागून हीच सीडी लावली आणि बाळ झोपलं! "बघ, झोप येते अशीच गाणी आहेत," असं तो म्हणाला. (नातू आता म्हणतो, मी तेव्हापासूनच फॅन आहे.) पण मी मात्र ऐकत राहिले. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.ए. मराठीत. गाण्यातले इंग्रजी शब्द मला कळत नव्हते. आणि त्याआधीचा रेडिओहेड मी कधी ऐकलाच नव्हता. पहिलं गाणं ऐकताना असं वाटलं, की गाभाऱ्याचं दार लावून घेऊन आत कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतंय, आणि आपण बाहेर पायरीवर बसलोय. वाईट नाही वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. पुढची काही गाणी मात्र मला आजही सहन होत नाहीत. एकात पितळी वाद्यांचा असा कल्ला आहे की आमच्याकडच्या वरातीतला बँड बरा.

मला धक्का बसला नाही कारण मी कशाचीच वाट पाहत नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं नाही, आता येतंय. धक्का बसायला आधी प्रेम बसलेलं असावं लागतं. माझा मुलगा घरापासून इतक्या लांब, अनोळखी गावात, त्या तीन गिटारींच्या आधाराने राहिला होता. 'ओके कंप्युटर' ऐकून त्याला वाटलं होतं, हे लोक माझ्याबद्दलच बोलताहेत. आणि तीन वर्षांनी तेच लोक तोंड फिरवून भलत्याच भाषेत बोलायला लागले. म्हणून 'नवीन फॅशन कळली नाही' असं म्हणून जे त्याच्यासारख्यांना हसतात ते मला आवडत नाहीत. नातू हसतो. त्याला मी सांगितलं, बाळा, तुझ्यासाठी ही गाणी जन्मापासूनच अशी आहेत, तुझं काही गेलेलं नाही.

निक हॉर्नबी नावाच्या इंग्लिश लेखकाने तेव्हा 'न्यू यॉर्कर' मध्ये या अल्बमवर नाराजीचा लेख लिहिला होता. नातवानेच मला तो वाचून, अर्थ सांगून दाखवला, टर उडवायला म्हणून. त्यातला एक मुद्दा असा, की हे संगीत फार सवड मागतं. दिवसभर काम करून, मुलंबाळं सांभाळून थकलेल्या माणसाकडे ती नसते. यात टर उडवण्यासारखं काय आहे? साठ वह्या तपासून रात्री दहाला रेडिओ लावणाऱ्या बाईला हे अगदी पटतं. 'मेलडी मेकर' मधल्या समीक्षकाने पाचापैकी दीड तारा दिला, तर पिचफोर्कवाल्यांनी दहापैकी दहा. पुढे दशक संपताना 'रोलिंग स्टोन', पिचफोर्क आणि लंडनच्या 'टाइम्स'नेही त्या दहा वर्षांतला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'किड ए'च निवडला. म्हणजे नातू जिंकला? मला नाही तसं वाटत. पुढे कौतुक झालं म्हणून आधी ज्याला आवडलं नाही तो मूर्ख ठरत नाही. नाही आवडलं तर नाही आवडलं. चिरंजीवांचा तेवढा हक्क मला मान्य आहे.

पण 'फसवलं' हा शब्द मला मान्य नाही, आणि इथे मी मुलाच्या विरुद्ध आहे.

फसवणूक कशी? त्यांनी काय कबूल केलं होतं? 'ओके कंप्युटर' नंतरच्या दौऱ्यात या माणसांची काय अवस्था झाली होती त्याचा एक माहितीपट १९९८ मध्ये निघाला. नातवाने तो मला दाखवला. त्याच मुलाखती, तेच प्रश्न, तीच हॉटेलं, आणि तो यॉर्क दिवसेंदिवस सुकत चाललेला. नंतर त्याला लिहिणंच जमेना, गिटारवर सुचलेल्या चालींचा वीट आला. तो यंत्रावर संगीत करणाऱ्यांचे अल्बम ऐकत बसायचा. सोपा रस्ता समोर होता: 'ओके कंप्युटर' पुन्हा एकदा, थोडा रंग बदलून. तसं गाणारे दुसरे बँड तोवर भरपूर झालेही होते. दुकान चाललं असतं. फसवणूक म्हणायचीच तर त्याला म्हणता आली असती, नाही का? मनात नसताना तेच तेच गाणं!

आणि चिरंजीव विसरतात ती गोष्ट म्हणजे, पहिले हिरमुसलेले श्रोते त्या बँडमध्येच होते. एड ओब्रायनला छोटी, सरळ गिटारची गाणी हवी होती. ज्या गाण्यात गिटारच नाही, तिथे गिटारवाल्याने काय करायचं? पॅरिसला, कोपनहेगनला, पुन्हा इंग्लंडात, अशी ध्वनिमुद्रणं महिनोन्‌महिने रखडली, बँड फुटायची वेळ आली. तरी ओब्रायन थांबला. गिटार वाजवून ती गिटारसारखी वाटू नये याच्या खटपटीत राहिला. मला या सगळ्यात त्याचंच जास्त कौतुक वाटतं. यॉर्कला निदान काय नको ते माहीत होतं. याला तर हवं ते सोडून, न कळणाऱ्या गोष्टीत हात घालायचा होता. अल्बम पुरा करून २००१च्या जुलैत ते ऑक्सफर्डच्या साउथ पार्कमध्ये गायले, घरच्या लोकांसमोर. चिरंजीव 'फसवलं' म्हणत म्हणत तिकडे गेलेच! घरी नुकतं जन्मलेलं बाळ, बायको दमलेली, आणि हे धो धो पावसात मैदानावर. रात्री नखशिखांत भिजून आले. मी ओरडायला तोंड उघडलं तर म्हणाले, "आई, शेवटी 'क्रीप' गायले गं." त्याचा तो चेहरा बघून मी टॉवेल दिला आणि गप्प बसले.

आता यंत्राबद्दल. चिरंजीवांचा मुख्य आक्षेप हा, की यंत्रातला आवाज खरा नाही, गिटारचा आवाज खरा. अरे, पण ती गिटार तरी कसली? विजेची! १९६५ मध्ये बॉब डिलन न्यूपोर्टच्या लोकसंगीताच्या महोत्सवात विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा लोकांत आरडाओरड झाली, आणि पुढच्या वर्षी मँचेस्टरला एका श्रोत्याने त्याला भर कार्यक्रमात 'ज्यूडास' म्हणून हाक मारली, म्हणजे विश्वासघातकी. १९६५ साली विजेची गिटार हातात घेतली म्हणून विश्वासघात, आणि २००० साली ती खाली ठेवली म्हणून विश्वासघात. आपल्याकडे वेगळं कुठे आहे! हार्मोनियम परकी, तिच्यात आपले स्वर नीट बसत नाहीत म्हणून १९४० पासून तीसएक वर्षं आकाशवाणीवर तिला बंदी होती. आज तीच पेटी नसेल तर भजनी मंडळ बसत नाही.

आणि 'किड ए' मधली सगळी यंत्रं काही नवी नव्हेत. जॉनी ग्रीनवुड त्यात ओंद मार्तनो नावाचं वाद्य वाजवतो. एका फ्रेंच माणसाने १९२८ साली लोकांसमोर आणलेलं वाद्य ते. माझ्या आईपेक्षा वयाने मोठं! 'इडियोटेक' या गाण्यातले मूळ सूर पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराने १९७३ मध्ये कंप्युटरवर केलेल्या रचनेतून घेतलेले आहेत. जॉनीने जवळजवळ पन्नास मिनिटं आपल्या यंत्रांवर खटपट करून ते ध्वनिमुद्रण यॉर्ककडे दिलं आणि त्याने त्यातला एक लहानसा तुकडा उचलून गाणं केलं. पन्नास मिनिटांतली एक मिनिटाहून कमी! निबंधाच्या वहीत मी मुलांना हेच सांगायचे, पानभर लिहा आणि चार ओळी ठेवा. कुणी ऐकायचं नाही.

असो. मराठीच्या बाईने हे सगळं लिहावं आणि मर्ढेकरांचं नाव काढू नये, असं होणार नाही. १९३९ चा त्यांचा 'शिशिरागम' वाचा. गोड, हळवी, त्या काळाला साजेशी कविता. आणि १९४७ च्या 'काही कविता' मध्ये पिंपातले उंदीर! लोक हबकले. दुर्बोध म्हणाले, अश्लील म्हणाले, खटलासुद्धा झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. मी वर्गात हे सगळं रंगवून सांगायचे. वाचकांनी कवीच्या पाठोपाठ चालायला शिकलं पाहिजे, वगैरे. माझा तास ऐकायला शेजारच्या तुकडीतली मुलंही यायची, असं म्हणतात. (मीच म्हणते.)

तर साधारण १९८८ ची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी होता. नववी-दहावीत असताना सुंदर वृत्तबद्ध कविता लिहायचा, पावसावर, आईवर, गावच्या नदीवर. शाळेच्या वार्षिकात मी त्या छापल्या होत्या, स्नेहसंमेलनात म्हणून घेतल्या होत्या. पुढे तो आयटीआयला गेला. दोन वर्षांनी एका संध्याकाळी घरी आला, वही घेऊन. नव्या कविता. ओळी तुटलेल्या, यमक नाही, त्यात लेथ मशीन, तेलाचा वास, एसटी स्टँडवरची रात्र. मी चार पानं चाळली. चहा टाकला होता, तो उतू जाईल म्हणून अर्धं लक्ष तिकडे. आणि वही परत देताना म्हणाले, "अरे, पहिल्यासारखं लिही ना. ती नदीची कविता किती छान होती!"

तो हसला. चहा घेतला, पाया पडला आणि गेला. त्यानंतर भेटला की नमस्कार करायचा, पण वही कधी आणली नाही.

जेवणाच्या टेबलावर चिरंजीव तावातावाने म्हणाले, "त्यांनी पहिल्यासारखं का नाही गायचं?" तेव्हा मला एकदम तो चहाचा वास आला. मी उठून पिठलं गरम करायला आत गेले.

शाळेच्या त्या वार्षिकाचा अंक अजून माझ्या कपाटात आहे. नदीची कविता मला पाठ आहे, आत्ता म्हणून दाखवीन. त्या वहीतल्या चार पानांतली एकही ओळ मला आठवत नाही.