गादीवाफ्यास लाकडी कड

गोरेगाव परिसरातील काळ्या जमिनीत परसातील गादीवाफे पावसाळ्यात ढासळतात, ही तक्रार खरी आहे. त्यास फळ्यांची कड हा उपाय चांगला. परंतु ती घट्ट बसविण्याचा अट्टाहास आम्हांस मान्य नाही. ही माती भिजली की फुगते आणि फळीस बाहेर लोटते. म्हणून खुंट्या बाहेरच्या अंगास, हातभर अंतरावर, खोल ठोकाव्यात. तळाशी बोटभर फट अवश्य ठेवावी. पाणी कोंडले तर हळदीचा कंद कुजलाच म्हणून समजावे! लाकूड बाभळीच्या गाभ्याचे घ्यावे. जुन्या घराचे सागवान मिळाल्यास उत्तमच. वाळवीच्या भयाने कित्येकजण फळीस इंजिनाचे जळके तेल फासतात. ज्या मातीतील भाजी मुलाबाळांच्या ताटात जावयाची, तीत ते झिरपू देण्यापेक्षा फळी लवकर बदलावी लागली तरी बेहत्तर.