पाण्याखालची जमीन

गेल्या रविवारी आमची एक जुनी विद्यार्थिनी वडिलांसह घरी आली. भूविज्ञान घेऊन ती नुकतीच बी. एस्सी. झाली आहे आणि सागरतळाचे नकाशे करण्याचे शिक्षण घ्यावे, असे तिच्या मनाने घेतले आहे. वडील म्हणाले, "सर, होळकरांच्या काळापासून आम्ही माळव्यात. क्षिप्रा-नर्मदेपलीकडे पाणी ठाऊक नाही. तुम्हीच हिची समजूत घाला."

आम्ही उलट त्यांनाच विचारले, की आपल्या नौदलाचे सागरी नकाशे कोठे तयार होतात? ते मुंबई म्हणाले. वाचकहो, ते कार्यालय आहे डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी!

पूर्वी शिशाचे वजन दोरीला बांधून खोली मोजीत. आता जहाजाच्या तळाचे यंत्र ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी टिपते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला, तर खोली 3000 मीटर. एवढे गणित आठवीच्या मुलालाही जमेल. परंतु पाण्याचे तापमान, क्षारता व दाब बदलला की ध्वनीचा वेग बदलतो, त्याची वाट वाकते, जहाज डुलते, किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीचाही हिशेब ठेवावा लागतो. शिवाय आजची यंत्रे एकाच वेळी शेकडो ध्वनिशलाका पंख्यासारख्या पसरतात आणि कडेच्या शलाकांत चूक अधिक शिरते. ती चूक ओळखणे व दुरुस्त करणे हीच ही विद्या. म्हणून पदव्युत्तर अभ्यासात गणित, ध्वनिशास्त्र, भूमापन, संगणक आणि जहाजावरचे प्रत्यक्ष काम, हे सारे येते.

अभ्यासक्रमांची पातळी मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटना पारखते; वरची श्रेणी 'ए'. आपल्याकडे गोव्यात वास्को येथे नौदलाची जलालेखन संस्था आहे. तेथे मित्रराष्ट्रांचे विद्यार्थीही येतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठात 2004 पासून एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. खर्च जपानचे निप्पॉन फाउंडेशन करते, पण जागा वर्षाला सहाच्या आसपास. काम मात्र अफाट पडले आहे. 2025 पर्यंत सागरतळाच्या चौथ्या हिश्शाहून थोड्याच अधिक भागाचे नीट मोजमाप झाले होते.

"पण मुलीच्या जातीला बोटीवर?" वडिलांनी शेवटी मनातले विचारले. आम्ही त्यांना मेरी थार्प यांची हकिगत सांगितली. या अमेरिकन बाईंची पहिली पदवी इंग्रजी व संगीताची. भूविज्ञान त्या पुढे शिकल्या. स्त्री म्हणून त्यांना संशोधन-नौकेवर प्रवेश नव्हता. सहकाऱ्यांनी आणलेल्या आकड्यांवरून त्या टेबलाशी बसून नकाशा रेखीत. 1952 च्या सुमारास अटलांटिकच्या मध्यावरील पर्वतरांगेत त्यांना खोल दरी दिसली. ही बायकी बडबड, म्हणून सहकारी ब्रूस हीझेन यांनी आधी ती उडवून लावली. पुढे दरी खरी ठरली आणि 1977 साली दोघांचा साऱ्या सागरतळाचा नकाशा प्रसिद्ध झाला.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गणित लागेल म्हणता?" मुलीने मान खाली घातली. पदवीला तिने गणित सोडले होते, वनस्पतिशास्त्र सोपे म्हणून! येथे मात्र आम्ही रागावलो. बोटीचे भय घरच्यांना. खरी अडचण ही होती आणि तिने ती लपवली होती.

आमच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांशी बोललो आहोत. सोमवारपासून रोज संध्याकाळी सात वाजता ती त्यांच्याकडे जाईल. वडील सायकलवरून पोचवतील.