ताकदीची सुई

गेल्या आठवड्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत बसले होते. पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. हातातला केसपेपर घड्या घालून घालून कापडासारखा मऊ झालेला. त्यावर वर्षभरातल्या सहा नोंदी: अंगदुखी, डोकं जड, झोप नाही, धडधड. गोळ्याही दरवेळी त्याच, कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स. "डॉक्टर, ताकदीची सुई द्या. जीव थाऱ्यावर नाही," एवढंच त्या बोलल्या. सुई मिळाली. मागे रांग दारापर्यंत होती.

डॉक्टरांना मी दोष देणार नाही. एवढ्या रांगेपुढे 'जीव थाऱ्यावर का नाही?' हे त्यांनी विचारायचं कधी? पण बाईंनीही काही लपवलं नव्हतं. नैराश्य हा शब्द घेऊन आपल्याकडे कुणी केसपेपर काढत नाही. हातापायाला मुंग्या येतात, घास उतरत नाही, अशीच तक्रार येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता अशा आजारांच्या १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. त्यांतले कितीतरी याच रांगेत असणार.

गोव्यात यावर उत्तर सापडलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या सहकाऱ्यांनी आरोग्य केंद्रांत समुपदेशक बसवले. मानसोपचाराची पदवी नसलेली, पण नीट शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं. गरजेप्रमाणे गोळ्या डॉक्टर देत, पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ असत. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले. सरकारी केंद्रांत जिथे ही सोय होती तिथले सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले होते. नव्हती तिथे ४३ टक्केही नाहीत. २०१७ साली तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा उपचारही गुणकारी ठरला. बैठकीतलं काम साधं. समजा, भजनाला जाणं सुटलंय, तर या गुरुवारी जायचं. पुढच्या खेपेला काय जमलं, कुठे अडलं, ते बोलायचं.

मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो हवाच. पण पुष्कळ घरांत फोन मुलाच्या खिशात असतो. आणि समुपदेशनाचं हे काम आणखी एक रजिस्टर म्हणून आशाताईंच्या डोक्यावर टाकू नये. त्या आधीच वाकल्या आहेत. प्रत्येक केंद्राला एक पगारी समुपदेशक आणि दार लोटता येईल अशी एक खोली द्या.

त्या केंद्रात औषधकोठाराला लागून तशी खोली आहे. सध्या तिथे मोडक्या खुर्च्या रचल्यात.