पाणपोईवर नाव विचारत नाहीत

आमच्या क्षेत्रात एक जमात आहे. लॅपटॉपच्या झाकणावर कांद्याचा स्टिकर, वेबकॅमवर चिकटपट्टी आणि चहाच्या टपरीवर प्रायव्हसीबद्दल पंधरा मिनिटांचं भाषण. मी याच जमातीतला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलच्या वायफायवर निम्म्या साइट्स बंद होत्या, तेव्हापासून टॉर वापरतोय. आठ-नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात माझा ट्रॅफिक कुणाच्या मशीनवरून गेला आणि त्या मशीनचं बिल कोणी भरलं, हा प्रश्न मला पडला नाही. म्हणून हा लेख आधी माझ्यावर आहे, मग तुमच्यावर.

टॉर ही एखाद्या कंपनीची सेवा नाही. टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था सॉफ्टवेअर लिहिते, पण ज्या यंत्रांवरून डेटा वाहतो ती जगभरातल्या स्वयंसेवकांची असतात. तुमची रिक्वेस्ट तीन रिलेंमधून जाते. पहिल्याला तुमचा पत्ता कळतो, पण तुम्ही कुठे निघालात ते कळत नाही. शेवटच्याला, म्हणजे एक्झिटला, कुठे ते कळतं, पण कोण ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. रिले काही हजार आहेत आणि रोज वापरणारे लाखोंनी. हिशोब एवढाच आहे, आणि तो आपल्याला लाज वाटावी असा आहे.

या तंत्राची कल्पना 1990च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. पण फक्त नौदलच वापरणार असेल, तर त्या नेटवर्कमधून येणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ते सगळ्यांसाठी खुलं होणं गरजेचं होतं. एकट्याला निनावी राहता येत नाही, त्यासाठी गर्दी लागते.

वापरणाऱ्यांची गर्दी लागते तशी रिले चालवणाऱ्यांचीही लागते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. चांगली माणसं कमी पडली की ती जागा रिकामी राहत नाही. 2021 मध्ये ‘केएएक्स17’ या नावाने ओळखलं जाणारं प्रकरण बाहेर आलं. कुणीतरी वर्षानुवर्षं शेकडो रिले गुपचूप चालवत होतं. कोण आणि कशासाठी, हे सिद्ध झालं नाही. पण ज्याच्या हातात पुरेसे रिले, त्याला एकाच माणसाची सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसण्याची शक्यता वाढते. आपण फुकटे राहतो, त्याची ही किंमत आहे.

आता नेहमीचा आक्षेप: टॉर गुन्हेगार वापरतात. वापरतात, आणि त्यातले काही गुन्हे इतके भीषण आहेत की त्यावर विनोद करू नये. पण गुन्हेगाराकडे चोरीचे फोन असतात, हॅक केलेले कॉम्प्युटर असतात. बातमी फोडणाऱ्या कारकुनाकडे किंवा मारकुट्या नवऱ्यापासून लपून मदत शोधणाऱ्या बाईकडे यातलं काही नसतं. गावच्या पाणपोईवर चोरही पाणी पितो. म्हणून आपण रांजणाशेजारी आधार कार्ड तपासायला माणूस बसवत नाही.

खरा प्रश्न रांजण भरणाऱ्याचा आहे, कारण धाड त्याच्यावर पडते. मॉस्कोतला गणिताचा शिक्षक दिमित्री बोगातोव घरून एक्झिट चालवायचा. एप्रिल 2017 मध्ये त्याला अटक झाली. दंगलीची चिथावणी देणाऱ्या पोस्ट त्याच्या आयपीवरून आल्या होत्या. तो तुरुंगात असतानाही त्या खात्यावरून पोस्ट येतच राहिल्या. तरी त्याच्यावरचे आरोप मागे घ्यायला 2018 उजाडलं.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन या छोट्या शहरातलं. तिथल्या किल्टन वाचनालयाने 2015 मध्ये टॉर रिले सुरू केला. केंद्रीय गृहसुरक्षा विभागाकडून खबर स्थानिक पोलिसांपर्यंत आली आणि वाचनालयाने रिले थांबवला. सप्टेंबरात विश्वस्तांची बैठक झाली. गावातली माणसं येऊन रिलेच्या बाजूने बोलली आणि तो पुन्हा सुरू झाला. फरक लक्षात घ्या: एकटा शिक्षक आत गेला, गाव पाठीशी असलेलं वाचनालय टिकलं.

आपल्याकडे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने गोपनीयतेला मूलभूत हक्क ठरवलं. आपण स्टेटस ठेवले. 2022 मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं आणि काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. आपण पुन्हा स्टेटस ठेवले. तो हक्क प्रत्यक्ष वापरायची वेळ आली की आपण जर्मनीतल्या नाहीतर नेदरलँड्समधल्या कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन उभे राहतो.

घरच्या कनेक्शनवर एक्झिट चालवा, असं मी म्हणत नाही. चालवू नका. घरून साधा रिलेही नको, कारण काही साइट्स टॉरच्या यादीतला कुठलाही आयपी अडवतात आणि घरच्यांचं बँकेचं काम अडतं. पण स्नोफ्लेक आहे. ज्या देशात टॉरच बंद केलंय, तिथल्या माणसाला आत शिरायला तुमचं मशीन दार होतं. तो पुढे ज्या साइटवर जातो, तिला तुमचा आयपी दिसत नाही. 2021च्या डिसेंबरात रशियाने टॉर अडवलं, 2022 मध्ये इराणमध्ये मुली रस्त्यावर उतरल्या, तेव्हा हेच दार कामी आलं. ब्राउझरमध्ये ते एक्स्टेन्शन आहे. अँड्रॉइडवर ऑर्बॉट अ‍ॅपमध्ये काइंडनेस मोड आहे. फोन चार्जिंगला आणि वायफायवर असेल तेव्हाच चालू राहील, असं ठरवता येतं. म्हणजे तुम्ही झोपलेले असताना.

पगारदार मित्रांनो, तुम्हाला एवढ्यावर सूट नाही. टॉरला परवानगी देणाऱ्या होस्टिंगवर छोटा सर्व्हर घ्या आणि मधला रिले चालवा. दहा एमबीपीएसची लाइन आणि महिन्याला दोन्ही दिशांना शंभर-शंभर जीबी, एवढी किमान अपेक्षा आहे. दोन ओटीटींचे पैसे आपण न बघता भरतो. कॉलेजात असाल तर लायब्ररीत किंवा कॉम्प्युटर विभागात लेखी अर्ज द्या. नकार येईल. तोही लेखी मागा आणि पुढच्या वर्षी परत द्या.

मी गेल्या महिन्यात स्नोफ्लेक सुरू केलं. काल रात्री त्यातून सात जण गेले. कोण होते, मला माहीत नाही. लॅपटॉपवरचा स्टिकर मात्र आता काढावासा वाटत नाही.