तोंडचा राजीनामा

पुणें शहरांतील कचेऱ्यांत, दुकानांत व शाळांत एक प्रसंग वारंवार घडतो. वरिष्ठाच्या बोलण्यानें दुखावलेला मनुष्य म्हणतो, "असें असेल तर उद्यांपासून मी येत नाहीं!" वरिष्ठ तत्काळ उत्तरतो, "मंजूर!" या तत्परतेस कित्येक लोक कारभारकौशल्य म्हणतात, आम्ही तिला भित्रेपणा म्हणतों. काढून टाकावयाचें तर कारणें दाखवावीं लागतात, मुदतीची नोटीस द्यावी लागते. "तो आपण होऊनच गेला" म्हटलें कीं फुकटांत सुटका! धन्याला जें धैर्य झालें नाहीं, तें काम तो नोकराच्या रागाकडून करवून घेतो.

असा राजीनामा कसा ऐकावा, याचा धडा याच पुण्यांत एका तरुण पेशव्यानें घालून दिला आहे. थोरल्या माधवरावांचा बराच वेळ जपध्यानांत जाऊं लागला, तेव्हां न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं काशीस जाण्याची परवानगी तोंडावर मागितली, अशी हकीकत ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांत आहे. माधवरावांनीं "मंजूर" म्हटलें नाहीं. प्रथम त्यांनीं आपल्या वर्तनाचें समर्थन केलें. पण शास्त्रीबोवांचें म्हणणें ऐकून घेतलें, राज्य पत्करणाऱ्यानें प्रजेचें काम आधीं पाहावें हा ठपका मानला आणि तो क्रम सोडून दिला. नोकर राहिला, धनी सुधारला.

"पण शब्द तो शब्द!" असें कोणी म्हणेल. त्यासही रामशास्त्र्यांचेंच उत्तर आहे. १७७३ सालीं नारायणरावांच्या खुनाबद्दल देहान्तावांचून प्रायश्चित्त नाहीं, असें रघुनाथरावांस सुनावून ते पुणें सोडून गेले. तो शब्द एका रात्रींत वितळणारा नव्हता. निश्चयी मनुष्यास एक दिवस थांबविल्यानें त्याचें कांहीं जात नाहीं. रागावलेल्याचें मात्र सर्व वांचतें.

कायद्यासही हा भेद कळतो. खाजगी शाळांतील नोकरांविषयींच्या महाराष्ट्राच्या १९७७ सालच्या कायद्यांत, राजीनामा दोन प्रतींत लिहून त्यांवर सही व तारीख घालावी, असें ७ वें कलम सांगतें. पुढील तारखेचा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वीं मागें घेतां येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं दिला. आणि तो एका हायकोर्टाच्या न्यायाधीशाच्या प्रकरणांत! न्यायमूर्तींस मन बदलण्याची मुभा आणि कारकुनास नाहीं, हा कोठला न्याय?

नोकरवर्गासही आमचें एक सांगणें आहे. ऊठसूट राजीनाम्याची धमकी देणाऱ्याचा खरा राजीनामाही कोणी खरा मानीत नाहीं. परंतु अधिक जबाबदारी ज्याच्या हातीं पगार आहे त्याची. त्यानें त्या दिवशीं उत्तर देऊं नये. दुसरे दिवशीं त्या मनुष्यास एकान्तीं बोलावून कारण विचारावें. निश्चय कायम असेल, तर तारखेसह लिहून घ्यावें, पैन् पै चुकती करावी आणि सन्मानानें निरोप द्यावा. कारण ऐकण्याचेंच ज्याला भय वाटतें, त्यानें दुसऱ्याच्या रागाला राजीनामा म्हणूं नये. ती त्यानें स्वतः केलेली बडतर्फी आहे.