दाराला पट्टी लावा, पण आधी विचारा



अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या इमारतींत आतल्या खोल्यांना सपाट फ्लश दरवाजेच मिळतात. पाटीसारखे कोरे. काही वर्षांनी ते डोळ्यांत खुपतात आणि मग उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फेरी होते. तिथला सल्ला ठरलेला, "काढून टाका, डिझायनर दरवाजे बसवा."

मी म्हणते, धडधाकट दरवाजा काढायचा नाही. त्यावर लाकडी बिडिंग पट्टीच्या दोन चौकटी करून घ्या.

मी कॉमर्सची, म्हणून आधी हिशोब. दार ७ फूट बाय ३ फूट. वरची चौकट ३ बाय २, म्हणजे १० फूट पट्टी. खालची २ बाय २, म्हणजे ८ फूट. एका बाजूला १८, दोन्ही बाजूंना ३६. कोपरे ४५ अंशांत कापताना थोडी वाया जाते, ती धरून ४० फूट. चार दारांना १६० फूट. चार नवे दरवाजे, बिजागऱ्या, कुलपं आणि मजुरी यांच्याशी ताडून बघा. शिवाय चार दारांचं लाकूड भंगारात जात नाही. परिग्रह-परिमाण फक्त दागिन्यांपुरतं नसतं.

काहीजणी म्हणतील, दाराला नटवायचंच कशाला? त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांनी दार कोरं ठेवावं. माझं भांडण आहे ते फरसाणाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचणाऱ्या आणि मिस्त्रीला मात्र एकही प्रश्न न विचारणाऱ्या आपल्यासारख्यांशी.

पट्टी लागली की मिस्त्री म्हणतो, "पॉलिश मारू?" हे स्पिरिट पॉलिश बहुतेक वेळा चपडीचं असतं. चपडी म्हणजे लाख, आणि लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर वसलेल्या किड्यांनी अंगाभोवती केलेलं कवच. ते खरवडताना किडे मरतात. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, ते उगाच नाही. जो धंदा आपल्या माणसांनी करायचा नाही, त्याचाच माल आपल्या बेडरूमच्या दाराला कसा चालतो?

"आपण थोडेच मारले?" हे उत्तर जैन बाईच्या तोंडी शोभत नाही. कृत, कारित, अनुमोदना हे तिन्ही आपण लहानपणी पाठशाळेत घोकलं आहे.

दुसरी गोष्ट ब्रशची. रंगाचे पुष्कळ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचा ब्रश किंवा फोमचा रोलर मिळतो, फक्त मागावा लागतो. तिसरी गोष्ट चिकटवण्याची. पूर्वी सुतार सरस वापरत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. १९५९ साली फेविकॉल आला तो त्याच सरसाला पर्याय म्हणून, त्यामुळे आज हा प्रश्न बराचसा सुटला आहे. तरी डबा डोळ्यांनी बघा.

"एवढं सगळं पाळत बसलो तर काम कधी होणार?" असं घरातले पुरुष म्हणतील. त्यांना सांगा, काम तेवढ्याच दिवसांत होतं. चपडीऐवजी पीयू किंवा मेलामाईन पॉलिश मारता येतं, नाहीतर साधा ऑइल पेंट. सनमायका असलेलं दार आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्या, नाहीतर पट्टी धरत नाही.

पट्टीचा आकारही आपणच ठरवायचा. खोल नक्षीत धूळ बसते, कोळी जाळी करतो आणि मग दिवाळीला झाडू घेऊन आपण त्यांच्याच मागे लागतो. गोलसर, उथळ पट्टी घेतली तर कोरड्या फडक्याने पुसता येते, जीव अडकत नाहीत. यत्नाचार याहून वेगळा काय असतो? आपल्याकडे पावसाळ्यात हवा किती ओली असते ते सांगायला नको. बाथरूमच्या दाराला एमडीएफची पट्टी लावू नका, पाणी पिऊन फुगते.

तेव्हा मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा. पॉलिश कशाचं? ब्रश कशाचा? चिकटवणार कशाने? उत्तर मिळेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.