उगवत्या ताऱ्यांचे पंचांग

दिवाळी अंक हाती पडला की आपल्यापैकी पुष्कळजण कथा-कविता बाजूला सारून आधी वार्षिक राशिभविष्याचे पान शोधतात. ते खरे ठरेलच असे कोणी मानत नाही, आणि तरीही वाचल्यावाचून कोणी राहत नाही. संगीताच्या जगातही असेच एक राशिभविष्य निघते. पुढच्या वर्षी कोणता नवा गायक, कोणता नवा वाद्यवृंद गाजणार, याची यादी वर्ष सरता सरता जाहीर होते. राशिभविष्याला आपण हसतो. या यादीवर मात्र विश्वास ठेवतो, कारण ती जाणकारांनी केलेली असते. माझे म्हणणे असे की, तिच्याकडेही थोडे हसूनच पाहावे.

या याद्यांमध्ये सर्वांत नावाजलेली यादी बी.बी.सी.ची. २००३ सालापासून ती निघते. अलीकडच्या वर्षांत शंभराहून अधिक समीक्षक, नभोवाणीचे निर्माते आणि संगीतमहोत्सवांचे आयोजक यांना नव्या कलावंतांची नावे विचारली जातात. मतांवरून आधी एक लांब यादी होते आणि जानेवारीत तीतले पहिले पाच क्रमवार जाहीर होतात.

यादीच्या बाजूने जे बोलायचे ते आधी बोलू. २००८ साली तिने ॲडेलला पहिला क्रमांक दिला, २०१४ साली सॅम स्मिथला. दोघांनीही पुढे जग जिंकले. पण २००९ साली पहिला क्रमांक लिटल बूट्स या गायिकेला मिळाला, आणि त्याच यादीतली लेडी गागा पहिल्या पाचांतही नव्हती. २०१६ साली पहिला आला जॅक गॅरट. दुआ लिपा यादीत होती, पण पाचांच्या बाहेर. एड शीरनचा पहिला संग्रह २०११ च्या सप्टेंबरात निघाला आणि ब्रिटनमध्ये तडक अव्वल ठरला. पण २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षांच्या याद्यांत त्याचे नावच नाही. जाणकारांना कान नाहीत असे मला मुळीच म्हणायचे नाही. लांब यादीत चांगली नावे पुष्कळ सापडतात. गाडी अडते ती त्यांतला पहिला कोण, हे सांगताना.

असे का व्हावे? याचे एक उत्तर २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तीन संशोधकांनी अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी चौदा हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे ठेवली. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट पाडले, आणि आपल्या गटातल्या इतरांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले, तो आकडाही त्यांना दाखवला. गाणी तीच, आणि श्रोते कोणत्या गटात गेले हे निव्वळ योगायोगाने ठरलेले. तरीही एक गाणे एका गटात पहिले, तर दुसऱ्या गटात चाळिसावे आले! सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, आणि सर्वांत टाकाऊ सहसा वर आली नाहीत. पण मधल्या साऱ्यांचे काहीही होऊ शकत होते.

माझ्या मते या प्रयोगाचे सार एवढेच की, दुसऱ्याची पसंती दिसली की आपले कान तिकडे वळतात. आता विचार करा, क्रमवार यादी म्हणजे तरी दुसरे काय? पाऊस पडेल असे सांगणारा ज्योतिषी ढग आणू शकत नाही. संगीतातला ज्योतिषी मात्र आणू शकतो! कारण मत देणाऱ्यांतच नभोवाणीवर गाणे लावणारे असतात, महोत्सवाचे व्यासपीठ देणारे असतात. ज्याला त्यांनी पहिला म्हटले, त्याचे गाणे जास्त वाजते. जास्त वाजते म्हणून जास्त ऐकले जाते. आणि मग आपण म्हणतो, पाहा, भविष्य खरे ठरले! कधी कधी तर सूर्य वर आल्यावर पंचांग उघडले जाते. २०२५ सालचा पहिला क्रमांक अमेरिकन गायिका चॅपल रोन हिला मिळाला. पण तिचा संग्रह २०२४ च्या ऑगस्टमध्येच ब्रिटनमध्ये अव्वल ठरला होता. हीच गायिका जिच्याशी करारबद्ध होती, त्या कंपनीने २०२० साली तिला मोकळे केले होते. ते करणारेही जाणकारच होते.

कोणी म्हणेल, एवढे काय बिघडले? यादी म्हणजे करमणूक. पण ज्यांची नावे तीत येतात आणि ज्यांची येत नाहीत, ती आपल्याच वयाची मुले असतात. जॅक गॅरटचा पहिला संग्रह २०१६ साली आला, दुसरा थेट २०२० साली. त्या मानसन्मानानंतर आपला आत्मविश्वास ढासळला, हे त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. पहिल्या क्रमांकाचे हे ओझे. मग ज्यांना क्रमांकच नाही त्यांनी काय समजावे? आपण कमी पडलो, असेच ना? वास्तविक त्यांतले कित्येक त्या प्रयोगातल्या मधल्या गाण्यांसारखे असतात: दुसऱ्या गटात पडले असते तर पहिले आले असते.

हे सारे साहेबाच्या देशातले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्याकडच्या गाण्यालाही ‘पुढच्या वर्षी’ची घाई झालीच आहे. अशा वेळी मला मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. १९१० साली धारवाडजवळ जन्मलेला हा गायक लहानपणी नाटक मंडळीत होता. मिरजेचे नीळकंठबुवा, मग मंजीखाँ आणि बुर्जीखाँ अशा गुरूंकडे त्यांनी तालीम घेतली. तिशी ओलांडण्यापूर्वीच त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. तरीही देशभर त्यांचे नाव झाले ते साठीच्या आसपास. १९७० साली पद्मश्री, १९७६ साली पद्मभूषण, १९९२ साली पद्मविभूषण. पुढच्या वर्षीच्या कोणत्या यादीने त्यांना ओळखले असते? एका वर्षाच्या मापाने मोजायचे गाणे वेगळे आणि आयुष्यभर पिकत जाणारे गाणे वेगळे.

म्हणून आपल्या सांस्कृतिक मंडळापुढे एक सूचना ठेवतो. युवक महोत्सवासाठी निवड करावीच लागते. तिला माझी हरकत नाही. पण स्नेहसंमेलनात निवड न झालेल्यांसाठी एक सकाळ राखून ठेवावी. कोणी आधी गायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. प्रत्येकाला एक पुरे गाणे गाऊ द्यावे, आणि शेवटी क्रमांक जाहीर करू नयेत. प्राध्यापकांनीही त्या सकाळी परीक्षकाची खुर्ची सोडून आमच्यात सतरंजीवर बसावे.

राहिला प्रश्न आपल्या, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या वागण्याचा. यादी वाचायला हरकत नाही. मात्र आधी गाणे ऐकावे, आपले मत मनाशी ठरवावे, आणि मगच क्रमांक पाहावा. दोन्ही जुळले तर आनंद आहे. न जुळले तर आपला कान अजून आपलाच आहे, याचा आनंद त्याहून मोठा आहे.